किटलीच्या तोटीला प्लास्टर

हाडांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं प्लास्टर घातलं की माणसाला एक खोड जडते. समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी तो त्याची चाल बघतो. मामांचं तसंच झालं होतं. निवृत्त होऊन दीड वर्ष उलटलं तरी रस्त्याने जाताना ते पुटपुटायचे, "हा डावा पाय ओढतोय. गुडघा नाही, कंबर आहे." मग बरोबर चालणाऱ्या मामींना सांगावं लागायचं, "अहो, तो पेशंट नाही. भाजी घ्यायला निघालाय बिचारा."

दवाखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणायचे, थेट मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत. ते नाव घरीही आलं आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको मामी झाली. डॉक्टर मोडलेलं हाड जुळवून द्यायचे, पण जुळलेलं हाड पुढचा दीड महिना जागचं हलू न देणं हे मामांचं काम. त्यांनी घातलेलं प्लास्टर बघून बाहेरगावचे डॉक्टरसुद्धा विचारायचे, "हे कुणी घातलं?" एवढी एकच बढाई मामा मारत असत, तीही कुणी विषय काढला तर.

निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या हातांना काही सुचेना. बाटल्यांची झाकणं घट्ट करून झाली, खिडक्यांच्या कड्या झाल्या, खुर्च्यांचे पाय झाले. घरातलं सगळं घट्ट झाल्यावर ते नुसतेच बसून राहू लागले. मुलगा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. सून घरातच असायची, पण तिची आणि मामांची गाठ जेवणापुरतीच पडायची.

सून मातीची भांडी करायची. रीतसर शिकून आली होती. घराच्या मागे पत्र्याची खोली होती, तिथे तिचं चाक आणि विजेवर चालणारी भट्टी. ती मुख्यतः चहाच्या किटल्या घडवायची. गोल पोट, आखूड मान, आणि पोटातून निघून वर उचललेली लांब, बारीक तोटी. रंग राखाडीकडे झुकणारा निळा. मामांनी मुलाच्या लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्या खोलीत डोकावून "छान आहे" म्हटलं होतं, त्यानंतर तिकडे फिरकले नव्हते. स्वतःचं उभं आयुष्य ओल्या पांढऱ्या लगद्यात हात घालण्यात गेलं होतं, तरी सुनेच्या कामाला ते मनातल्या मनात चिखल म्हणत. अर्थात तोंडावर कधी नाही.

आधी ती प्रदर्शनांत किटल्या विकायची. मग एका ऑनलाइन बाजारावर तिने दुकान मांडलं. त्या बाजाराची एक सोय होती. माल आपण खोक्यांत बांधून त्यांच्या गोदामात पोचवायचा. तो त्यांच्या फळीवर राहणार, आणि ऑर्डर आली की तिथलीच माणसं तो गिऱ्हाइकाच्या दारात धाडणार. रोज उठून कुरियरच्या रांगेत उभं राहणं वाचलं म्हणून सून खूश होती. ऑर्डरीही येऊ लागल्या. आणि मग फोटो येऊ लागले. उघडलेला खोका, त्यात निळी किटली, आणि शेजारी आडवी पडलेली तोटी.

एके दिवशी सकाळी चहा पिता पिता तिने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि मोबाइल टेबलावर पालथा घातला. मामी म्हणाल्या, "काय गं?"

"संपलं बहुतेक," ती म्हणाली. "दहातल्या तीन फुटतायत. कंपनीचं पत्र आलंय. पुढच्या खेपेतही असंच झालं तर किटल्या बाजारातून काढून टाकणार."

मामांनी पेपर खाली केला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता काय करणार. मामांनी विचारलं, "कुठे मोडते?"

"तोटी. दर वेळी तोटीच."

"मोडलेल्या आहेत का घरात?"

परत आलेल्या अकरा किटल्या तिने एका टोपलीत ठेवल्या होत्या. फेकवत नव्हत्या आणि बघवतही नव्हत्या. मामांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकेक तोटी उचलून तिच्या जागी लावून बघितली. मामींचा चहा पार गार झाला. अकराच्या अकरा एकाच ठिकाणी मोडल्या होत्या, तोटी पोटाला जिथे भेटते तिथे. आणि तडा प्रत्येक वेळी खालून वर गेलेला.

"ही आपटून मोडलेली नाही," मामा म्हणाले. "ही मुरगळलीय."

सुनेने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे किटली आत हलते आणि तोटी खोक्याला टेकते. अंग फिरलं, तोटी अडकली, की पीळ बसतो." मग त्यांनी उपायही सांगून टाकला. "सोपं आहे. तोटी आखूड कर."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पेशंटला सांगायचात का, मान जरा आखूड करून या म्हणून?"

मामा खो खो हसले. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हा आवाज त्यांनी दीड वर्षात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मामा पत्र्याच्या खोलीत कामाला लागले. भट्टीत वाकलेल्या, विकता न येणाऱ्या किटल्या सुनेने त्यांना दिल्या. कंपनीची नियमावली सतरा पानांची होती. ती सुनेने वाचून दाखवली: रद्दी पेपर नको, पेंढा नको, थर्मोकोलचे सुटे गोळे नकोत, आणि बांधलेला खोका कमरेच्या उंचीवरून सगळ्या बाजूंनी आणि एका कोपऱ्यावर पडला तरी आतली वस्तू शाबूत राहिली पाहिजे. सुनेला त्या पानांची धास्ती वाटायची, पण मामांना नियम आवडायचे. नियमांवर बोट ठेवून आयुष्य काढलेला माणूस तो.

त्यांनी सवयीप्रमाणे मोडणाऱ्या जागेपासून सुरुवात केली. तोटीभोवती फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचे, म्हणजे बबल रॅपचे, वेढे दिले, एकावर एक, अर्धा वेढा मागच्या वेढ्यावर चढवत, अगदी पट्टी बांधतात तसे. काय देखणं झालं होतं ते! खोका बंद केला, कमरेपर्यंत उचलला, सोडला. आतून आवाज आला. उघडून बघितलं तर वेढे जसेच्या तसे आणि आत तोटी वेगळी.

वेढे वाढवले. पुन्हा तेच. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावल्या. त्यानेही काही फरक पडला नाही. चार दिवसांत नऊ किटल्या गेल्या. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू वाटी परत करायच्या निमित्ताने आल्या आणि मामींना हळूच विचारून गेल्या, "घरात सगळं ठीक आहे ना? नाही, रोज भांडी फुटल्याचा आवाज येतो म्हणून."

मामी हसल्या, पण मामांना हसू येईना. ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. हात टेकायची वेळ आली होती. चप्पल काढून टाच चोळता चोळता त्यांना नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला एक गवंडी आठवला. पाय मोडलेला. त्याच्या टाचेला त्रास होऊ नये म्हणून मामांनी तिथे कापूस दाबून दाबून भरला होता. तीन आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा टाचेला रुपयाएवढी जखम झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या खोलीसमोर झापलं होतं, "अरे, जिथे हाड वर आलंय तिथे दाब द्यायचा नाही! ते मोकळं सोड. भार मांसावर घे!"

मामा तसेच अनवाणी आत गेले.

"अगं ऐक," ते सुनेला म्हणाले, "मी चुकत होतो. मी तोटी धरत होतो. तोटीला कुणी हातच लावायचा नाही. पोट धरायचं."

"आणि तोटी?"

"हवेत राहू दे तिला. कशाला म्हणजे कशाला टेकता कामा नये."

सुनेने चाकावरून हात काढून पुसले आणि कात्री आणली. दोघांनी मिळून जाड पुठ्ठ्याच्या दोन चौकटी कापल्या. एकीच्या भोकात किटलीचा तळ बसायचा, दुसरी वरून मानेत उतरायची. दोन्ही चौकटी खोक्याच्या भिंतींना चपखल टेकायच्या आणि किटली मधोमध टांगल्यासारखी राहायची. एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला कान, दोघांभोवती दोन बोटं मोकळी जागा. खालच्या चौकटीला दुमडून पाय केले होते. त्या पायांमधल्या पोकळीत कागदात गुंडाळलेलं झाकण बसलं.

मामांनी खोका सोडला. आवाज आला, पण नुसता पुठ्ठ्याचा. उलटा सोडला. कोपऱ्यावर सोडला. सुनेने डोळे मिटून घेतले होते. खोका उघडल्यावर किटली आत होती तशीच बसलेली, तोटी वर करून. मामींचा जीव भांड्यात पडला, आणि त्या तसं म्हणाल्याही, तेव्हा तिघांनाही एकदम हसू फुटलं.

पुढचे पंधरा दिवस घरात पुठ्ठ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मुलगा संध्याकाळी घरी आला की आधी बसायला जागा शोधायचा. छत्तीस किटल्या बांधून झाल्या. गोदामात माल देण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. त्यांना मंगळवारी सकाळी अकरा ते एक मिळाली. मामा म्हणाले, "मी येतो बरोबर." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गोदाम म्हणजे गावाबाहेर एक लांबलचक पत्र्याची शेड. आत फळ्यांच्या रांगा कुठे संपतात ते दिसत नव्हतं. माल उतरवायच्या दारात टेबल होतं आणि त्यामागे आवकेवर देखरेख करणाऱ्या बाई होत्या. केस घट्ट बांधलेले, हातात बारकोड वाचायचं यंत्र. त्यांनी पहिल्या खोक्यावर यंत्र रोखलं. काही वाजलं नाही. दुसऱ्यावर रोखलं, तिसऱ्यावर रोखलं. यंत्र मुकाट.

"स्टिकर कोपऱ्यावर लावलेत तुम्ही," बाई म्हणाल्या. "निम्मं या बाजूला, निम्मं त्या बाजूला. वाचणार कसं? सपाट बाजूवर हवं. सगळे तसेच आहेत? मग माल परत न्या. नवी वेळ घ्या."

सुनेने मामांकडे बघितलं. स्टिकर मामांनी लावले होते. कडा उचकटू नये म्हणून मुद्दाम कोपऱ्यावरून वळवून, बोटाने दाबून गुळगुळीत केले होते, प्लास्टरच्या कडेसारखे. त्यांचा चेहरा उतरला. पण सुनेने नुसतं मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं, आणि ते सावरले.

"बाई," ते म्हणाले, "आमची वेळ एकपर्यंत आहे ना?"

"हो. पण हे स्टिकर निघत नाहीत. फाटतात. सगळ्यांचे फाटतात."

"मला बघू तर द्या."

शेडच्या बाहेर सावलीत मामा फरशीवर मांडी घालून बसले. म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या कातडीवरून, लहान मुलांच्या रडवेल्या हातांवरून त्यांनी हजारो चिकटपट्ट्या काढल्या होत्या. पट्टी वर ओढायची नसते. ती उलटी दुमडून, कातडीला जवळजवळ समांतर, सावकाश मागे न्यायची असते, आणि दुसऱ्या हाताने खालची कातडी धरून ठेवायची असते. त्यांनी पहिलं स्टिकर तसंच काढलं. अख्खं निघालं. ते सुनेच्या बोटावर दिलं, तिने सपाट बाजूवर लावलं. मग दुसरं. माल उतरवणारे दोन हमाल विडी ओढायची सोडून बघत उभे राहिले. छत्तिसातलं एकही फाटलं नाही. एकाला दहा मिनिटं कमी असताना सगळे खोके परत टेबलापाशी होते.

यंत्र वाजलं. सगळ्या खोक्यांवर वाजलं. बाईंनी मान हलवली, मग रांगेतला मधलाच एक खोका उचलला. "या दुकानाच्या नावापुढे शेरा आहे," त्या म्हणाल्या. "तपासावं लागेल." आणि काही कळायच्या आत त्यांनी तो कमरेवरून खाली सोडला.

घरी मामांनी शंभरदा खोका पाडला असेल. पण दुसऱ्याच्या हातून पडताना बघणं वेगळंच. पायाखाली सिमेंट होतं. बाईंनी तो सगळ्या बाजूंनी पाडला, शेवटी कोपऱ्यावर. मग पातं फिरवून खोका उघडला, आणि आत अख्खी किटली बघून वरची चौकट बोटाने चाचपली.

"हे कुणी बांधलंय?" त्यांनी विचारलं.

सून पटकन म्हणाली, "आमच्या बाबांनी."

मामा खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

त्या खेपेतली एकही किटली फुटली नाही. पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. महिन्याभरात बाजाराच्या पानावर गिऱ्हाइकांचे अभिप्राय येऊ लागले. एकाने लिहिलं होतं: किटली सुंदर आहे, पण बाहेर काढायला सुरी, पक्कड आणि शेजारी लागला. दुसरीने तर किटली परतच पाठवली. कारण, झाकण नाही! झाकण खालच्या पोकळीत होतं आणि ते तिने खोक्याबरोबर कचऱ्यात टाकलं होतं.

मामा चिडले. "एवढं डोकं नको माणसाला?"

"तुम्ही बांधणारे," मामी म्हणाल्या. "सोडणाऱ्याचा विचार कोण करणार? मला द्या एक खोका. आणि शेजारी उभे राहून सूचना देऊ नका."

मामी खोका घेऊन खुर्चीत बसल्या. मामा घड्याळ घेऊन समोर. मामींनी चिकटपट्टीचं टोक शोधलं, सापडलं नाही. नखाने खरवडलं. दात लावायला गेल्या आणि थांबल्या. मग पट्टी निघाली, पण वरची चौकट इतकी घट्ट होती की ती ओढताना किटलीही वर आली. आठ मिनिटं झाली. झाकणाकडे तर त्या पोचल्याच नाहीत.

मामा गप्प बसून बघत होते. प्लास्टर घालण्याइतकंच काढणंही त्यांचंच काम होतं. करवतीच्या आवाजाने मुलं भेदरायची, म्हणून मामा आधी ती करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायचे, की बघ, कातडी कापत नाही ही. मुलं मग रडायची थांबायची. घालताना काढायचा विचार करायचा असतो हे ते नव्या पोरांना शिकवत आले होते, आणि इथे स्वतःच विसरले होते.

दुसऱ्या खेपेला चिकटपट्टीचं टोक दुमडून मोकळं ठेवलं. वरच्या चौकटीला बोटं घालायला दोन खाचा केल्या. आणि खोका उघडल्याबरोबर डोळ्यांसमोर येईल असं एक कार्ड ठेवलं, मामींनी लिहून छापून आणलेलं: "घाई नको. वरचा पुठ्ठा खाचांत बोटं घालून सरळ उचला. किटली पोटाला धरून काढा, तोटीला नाही. झाकण तळाशी झोपलंय, त्याला विसरू नका." कार्डावरच्या "झोपलंय"वर मामांनी हरकत घेतली होती. मामींनी ती ऐकली नाही. पुढे अभिप्रायांमध्ये किटलीइतकंच त्या कार्डाचं कौतुक येऊ लागलं, तेव्हा मामांनी हरकत मागे घेतली.

वर्षभराने कंपनीने दुकानापुढचा शेरा काढून टाकला. सुनेने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि या वेळी मोबाइल पालथा न घालता मामांच्या हातात दिला. मामांनी तो लांब धरून दोनदा वाचला.

आता पत्र्याच्या खोलीला जोडून आणखी एक खोली आहे. तिथे मामा आणि वस्तीतल्या दोन बायका सकाळी नऊ ते एक काम करतात. एकची घंटा कुणी देत नाही, मामाच हात धुऊन उठतात आणि इतरांनाही उठवतात. गोदामातल्या बाई कधीकधी कुणाचा तरी फोन नंबर पाठवतात: काचेचे दिवे करणारा एक जण, दगडी खल विकणारी एक बहीणभावाची जोडी. ती माणसं फुटका माल पिशवीत घेऊन येतात आणि काहीशी ओशाळून तो टेबलावर मांडतात. मामा त्यांना आधी बसायला सांगतात, पाणी देतात, आणि मग तुकड्यांकडे वळतात. सून चाकावरून मान न उचलता म्हणते, "बाबांची ओपीडी सुरू झाली."

गेल्या महिन्यात सुनेने पहिल्यांदाच ताटल्या केल्या, सहा-सहाच्या संचात. पहिल्या खेपेतल्या दोन संचांत मधली एक ताटली तडकून आली. मामांना वाईट वाटायला हवं होतं, पण दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. आतापर्यंत त्यांनी चार तऱ्हा करून बघितल्या आहेत. ताटल्या आडव्या ठेवून झाल्या, पालथ्या ठेवून झाल्या, दोन ताटल्यांच्या मध्ये पुठ्ठा घालून झाला, आणि काल त्या उभ्या करून बघितल्या. उभ्यांचं बरं दिसतंय, फक्त शेवटची अजून हलते. आज पाचवी तऱ्हा आहे.